निरोप आत कसा जातो

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोविडच्या लाटेत, आपल्याकडे घराघरात इंटरल्यूकिन-सिक्स पोचलं होतं, अंगातला दाह भडकवणारं एक प्रोटीन. दहावीनंतर ज्यांनी सायन्सचं पुस्तक उघडलं नव्हतं अशी माणसं फोनवर सराईतपणे विचारायची, आयएल-सिक्स किती आलं, सीआरपी, म्हणजे रक्तातला दाहाचा आकडा, उतरला का, आणि प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच, टॉसिलिझुमॅब, म्हणजे आयएल-सिक्सला रोखणारं औषध, अर्जंट हवंय, पुण्यात, सांगलीत, कुठेही, पैसे कितीही. मीही ते मेसेज पुढे ढकलत होते, दुसरं करणार काय. अशाच एका ओळखीच्यांसाठी फोनाफोनी चालू असताना मिरजेहून मावशीचा फोन आला, तिला औषधाचं नाव सांगितलं तर म्हणाली, "अगं, हे तर माझं इंजेक्शन!"

आणि होतंच ते तिचं. मावशीला आमवात आहे, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, बऱ्याच वर्षांचा, सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटत नाहीत असा. मेथोट्रेक्सेट, आमवाताचं नेहमीचं औषध, पुरेनासं झालं तेव्हा डॉक्टरांनी जे पर्याय सांगितले त्यात हे इंजेक्शन होतं आणि किंमत ऐकून तिने विषयच बदलला होता. कोविड यायच्या कितीतरी आधी, २००८ मध्ये, जपानमध्ये ते आमवातासाठी मंजूर झालेलं. "पण माझ्या बोटांचा आणि त्या माणसाच्या फुप्फुसांचा संबंध काय?" असं तिने विचारलं, आणि तेव्हा मला उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते, त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात. पुढे ती इंजेक्शनाऐवजी गोळीवर आली, तोफासिटिनिब, पाच मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, आणि मग प्रश्न संपेचनात.

आधी एक आकडा सांगून टाकते. ब्रिटनमध्ये रिकव्हरी नावाची मोठी ट्रायल झाली, तिच्यात ४,११६ कोविड पेशंटांवर टॉसिलिझुमॅब तपासलं. नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३५ टक्के २८ दिवसांत गेले, आणि त्यावर हे इंजेक्शनही मिळालेल्यांपैकी ३१ टक्के. म्हणजे शंभरात चार माणसं जास्त वाचली. हे कमी नाहीये, इतक्या आजारी लोकांत चार म्हणजे चांगलंच, पण लोक दागिने मोडून रात्रभर जी धावाधाव करत होते ती शंभरातल्या चारांसाठी होती हे सांगायच्या किंवा ऐकायच्या स्थितीत तेव्हा कोणीच नव्हतं. आणि त्या ट्रायलमधले बहुतेकजण आधीच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवर होते, जे इतकं स्वस्त की त्याच्यासाठी कधी कोणाला ग्रुपवर मेसेज टाकावा लागला नाही.

आता हा फरक चारच माणसांचा का, आणि बोटांचा फुप्फुसांशी संबंध काय, दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, पेशीच्या कातडीवर.

सायटोकाइन म्हणजे एका पेशीने दुसऱ्या पेशीसाठी बाहेर सोडलेलं छोटंसं प्रोटीन. आयएल-सिक्स जेमतेम १८४ अमिनो आम्लांचं. ओसाकामध्ये तादामित्सु किशिमोतो आणि तोशिओ हिरानो यांच्या गटाने १९८६ मध्ये त्याचा जीन वेगळा केला. ते शोधत होते बी पेशींना अँटिबॉडी बनवायला लावणारा घटक. नंतर लक्षात आलं की दुसरीकडे कोणी लिव्हरच्या पेशींना कामाला लावणारा म्हणून, तिसरीकडे कोणी चक्क एक प्रकारचं इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आल्यावर पेशी सोडतात ते प्रोटीन, म्हणून, याच प्रोटीनच्या मागे होते. एकच रेणू, आणि प्रत्येकाने तो वेगळं काम करताना पकडलेला. सगळे बरोबर होते.

हा रेणू पेशीच्या आत जाऊन काम करत नाही. पेशीचं आवरण चरबीचं, त्यातून एवढं मोठं, पाण्यात रमणारं प्रोटीन पार होत नाही. डेक्सामेथासोनची गोष्ट वेगळी, ते स्टेरॉइड आहे, चरबीतून सरळ आत घुसतं आणि त्याचा रिसेप्टर, म्हणजे निरोप धरणारं प्रोटीन, आतच बसलेला असतो. सायटोकाइनला मात्र बाहेरच थांबावं लागतं, रिसेप्टरचं टोक धरायचं, बस. मी हे मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे हळदीकुंकवाचं बोलावणं. बाई दारातच उभी, आत ये म्हटलं तरी येत नाही, अजून दहा घरं करायचीत म्हणते, 'संध्याकाळी यायचं हं' एवढं बोलते नि जाते. पुढे घरात काय धांदल उडते ती ज्याची त्याची." मला हे इतकं आवडलं की मी वर्गात चोरून वापरते.

पण मग बाहेरच्या टोकाला काहीतरी चिकटलं हे आतल्या टोकाला कळतं कसं? मला विचाराल तर सगळ्या इम्युनॉलॉजीतला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे, परीक्षेत याच्यावर पाच मार्कांचा प्रश्न येतो आणि मुलं बाण काढून मोकळी होतात ते बघून जीव तुटतो.

तर आयएल-सिक्स आधी त्याच्या स्वतःच्या रिसेप्टरला चिकटतं. गंमत म्हणजे या रिसेप्टरची आतली शेपटी आखूड आहे, तिच्याने काही निरोप जात नाही. ही जोडी मग शेजारच्या जीपी-१३० नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला धरते, आणि अशा दोन जोड्या मिळून दोन जीपी-१३० एकमेकांजवळ ओढल्या जातात. एवढंच. सायटोकाइनचं सगळं काम म्हणजे आवरणात तरंगणाऱ्या दोन दांड्या जवळ आणणं, ठराविक अंतरावर आणि ठराविक कोनात. आता या दांड्यांना स्वतःला रासायनिक काम काहीच करता येत नाही, इन्सुलिनच्या रिसेप्टरसारखं त्यांच्या आत एन्झाइम नसतं. पण प्रत्येक दांडीच्या आतल्या भागाला, आवरणाच्या अगदी लगत, एक उसनं एन्झाइम कायम चिकटून बसलेलं असतं. हे जॅक. दांड्या लांब होत्या तोवर ती दोन जॅक गप्प होती, दांड्या जवळ आल्या की ती एकमेकांच्या टप्प्यात येतात आणि एक दुसऱ्यावर फॉस्फेट लावतं. मग दोघं जागी होतात आणि जीपी-१३० च्या शेपटीवर ठराविक जागी, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लांवर, फॉस्फेट लावत सुटतात. ते फॉस्फेट लागलं की पेशीत नुसतंच तरंगत असलेलं स्टॅट-थ्री नावाचं प्रोटीन तिथे येऊन अडकतं, कारण त्याच्या अंगावर फॉस्फेट लागलेलं टायरोसिन धरायलाच एक खोबण असते. अडकलं की जॅक त्याच्यावरही फॉस्फेट लावतं, त्याच्या ७०५ नंबरच्या अमिनो आम्लावर, दुसरीकडे नाही. आता स्टॅटच्या स्वतःच्याच अंगावर फॉस्फेटवालं टायरोसिन आहे आणि ते धरायची खोबणही आहे, म्हणून तसलीच दोन स्टॅट एकमेकांना मिठी मारतात, माझी शेपटी तुझ्या खोबणीत, तुझी माझ्या, आणि ही जोडी तिथून सुटून न्यूक्लियसमध्ये जाते नि डीएनएवर बसते. जीन चालू.

दारापासून डीएनएपर्यंत पंधरा-वीस मिनिटांच्या आत. मध्ये मध्यस्थ कोण, तर एकटं स्टॅट. जे दारात निरोप ऐकतं तेच आत जाऊन काम सुरू करतं.

हे वाचायला सोपं वाटतं पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कोणाला माहीत नव्हतं. तेव्हा डोक्यात चित्र होतं ते अ‍ॅड्रेनॅलिनचं, म्हणजे रिसेप्टरने एकाला सांगायचं, त्याने दुसऱ्याला, मध्ये एखादा छोटा रेणू भराभर तयार व्हायचा, त्याने तिसऱ्याला, अशी लांबलचक साखळी. इंटरफेरॉनचा शोध १९५७ चा, लंडनजवळच्या मिल हिलमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर इन्फ्लुएंझाचा निकामी केलेला विषाणू टाकून लावलेला. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं लोकांना एवढंच ठाऊक की इंटरफेरॉन बाहेर टाकलं की आत जीन चालू होतात. मधलं सगळं अंधारात.

ते उलगडलं दोन बाजूंनी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेम्स डार्नेल यांच्या लॅबने आतून सुरुवात केली, म्हणजे इंटरफेरॉन दिल्यावर डीएनएवर कोण येऊन बसतं ते आधी पकडलं आणि मग मागे मागे जात बघितलं की हेच प्रोटीन इंटरफेरॉन देण्याआधी न्यूक्लियसच्या बाहेर असतं. जॉर्ज स्टार्क आणि इयन कर यांनी लंडनमध्ये दुसरा रस्ता धरला आणि तो मला जास्त आवडतो कारण त्यात थोडा खुनशीपणा आहे. त्यांनी माणसाच्या पेशींत असा जीन घातला की इंटरफेरॉन ऐकलं की तो चालू व्हावा, आणि तो चालू असताना एक विशिष्ट औषध दिलं की पेशी मरावी. मग पेशींवर म्युटेशन घडवणारं रसायन टाकलं, इंटरफेरॉन दिलं, औषध दिलं. ज्या पेशींना ऐकू येत होतं त्या सगळ्या मेल्या. उरल्या फक्त बहिऱ्या.

मग या बहिऱ्या पेशींत निरोगी पेशींचा डीएनए घालत राहायचं, कोणत्या तुकड्याने कान परत येतात ते बघत. १९९२ मध्ये असा पहिला तुकडा सापडला, सांद्रा पेलेग्रिनी यांच्या गटाला, आणि तो निघाला टीवायके-टू या एन्झाइमचा जीन. हे एन्झाइम आधीच सापडलेलं होतं, नुसतं नाव होतं, काम माहीत नव्हतं. त्याचे भाऊबंद मेलबर्नमध्ये अँड्र्यू विल्क्स यांना १९८९ मध्ये मिळाले होते, तेही असेच बेकार पडून होते, त्या काळात नवीन नवीन कायनेझ, म्हणजे फॉस्फेट लावणारी एन्झाइम, इतकी सापडत होती की याला लॅबमध्ये गमतीने 'जस्ट अनदर कायनेझ', म्हणजे 'आणखी एक कायनेझ', म्हणत, त्याचीच इंग्रजी आद्याक्षरं जॅक. नंतर मोठ्या माणसांत वावरायचं म्हणून जेनस या दोन तोंडांच्या रोमन देवाशी त्याचं नाव जोडलं, कारण या प्रोटीनमध्ये कायनेझसारखे दोन भाग असतात. एक खरं काम करतं. दुसरं कायनेझसारखं दिसतं पण त्याचं मुख्य काम पहिल्याला आवरून धरणं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणसात जॅक चार आणि स्टॅट सात. बस एवढेच. आणि यांच्यावर विसंबून असलेले सायटोकाइन आणि हॉर्मोन पन्नासच्या वर. रक्ताच्या तांबड्या पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन, वाढीचं हॉर्मोन, दूध यायला लावणारं प्रोलॅक्टिन, सगळे याच चार जॅकमधून बोलतात. मग प्रश्न येतो की निरोप एकमेकांत मिसळत कसे नाहीत. तर बऱ्यापैकी मिसळतात, आणि जे वेगळेपण टिकतं ते निरोपात कमी आणि ऐकणाऱ्यात जास्त असतं. आयएल-सिक्समुळे लिव्हरच्या पेशीत स्टॅट-थ्री आत गेलं की ती पेशी सीआरपी बनवते, तोच सीआरपी जो रिपोर्टवर बघून आपण हादरतो. तेच स्टॅट-थ्री एखाद्या कोवळ्या टी पेशीत गेलं की ती बुरशी आणि काही जीवाणूंशी लढणाऱ्या, पण सांधे पेटवायलाही मदत करणाऱ्या जातीची टी पेशी होऊ शकते. तोच रेणू, तेच ७०५ नंबरचं फॉस्फेट. फरक हा की त्या त्या पेशीने आपल्या डीएनएची कुठली पानं उघडी ठेवलीत आणि कुठली मिटून टाकलीत.

याचा सगळ्यात विचित्र पुरावा म्हणजे ज्या मुलांच्या स्टॅट-थ्रीच्या एका प्रतीत बिघाड असतो त्यांचा आजार. १९६६ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं आणि बायबलमधल्या, अंगभर गळवं आलेल्या जोबवरून त्याला जोब सिंड्रोम म्हणायला लागले. कारण कळलं २००७ मध्ये. या मुलांना गळवं होतात पण ती गरम नसतात, लाल नसतात, पू आहे आणि दाह नाही. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा. किरकोळ धक्क्याने हाड मोडतं. आणि दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत, मागून पक्के दात येतात आणि दोन ओळी होतात. एका निरोप्याच्या बिघाडाने गळवं, हाडं आणि दुधाचे दात! डेंटिस्टकडे गेलेल्या मुलाचा आजार इम्युनॉलॉजीच्या पुस्तकात निघतो.

आता मावशीच्या बोटांकडे. आयएल-सिक्सचा स्वतःचा रिसेप्टर मोजक्याच पेशींवर असतो, लिव्हर, काही पांढऱ्या पेशी. जीपी-१३० मात्र जवळजवळ सगळ्यांवर. म्हणजे बहुतेक पेशींना हा निरोप ऐकू यायलाच नको. पण हा रिसेप्टर आवरणातून सुटून रक्तात मोकळा फिरतो, आणि असा मोकळा रिसेप्टर आयएल-सिक्सला धरून कुठल्याही पेशीच्या जीपी-१३० ला जाऊन चिकटू शकतो, जर्मनीत कील इथे श्टेफान रोझ-जॉन यांनी वर्षानुवर्षं हेच दाखवलंय. सांध्याच्या अस्तरातल्या पेशी अशाच, एरवी या निरोपाला बहिऱ्या, पण आमवातात सांध्याच्या पाण्यात हा मोकळा रिसेप्टर भरपूर असतो आणि मग त्याही ऐकू लागतात, सुजतात, हाड कुरतडणाऱ्या पेशींना चिथावतात. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचं अस्तरही जवळपास असंच. म्हणून एकच इंजेक्शन दोन्हीकडे. टॉसिलिझुमॅब आयएल-सिक्सचा रिसेप्टर झाकतं, चिकटलेलाही आणि मोकळाही. आणि चारच माणसं जास्त का वाचली तर त्या वेळी शरीरात आयएल-सिक्स एकटं ओरडत नव्हतं, टीएनएफ होतं, आयएल-वन होतं, दाह भडकवणारी दुसरी सायटोकाइन, ते तर जॅकच्या वाटेने जातच नाहीत, त्यांची वायरिंगच वेगळी. वर रक्ताच्या गुठळ्या होत्या आणि तोवर व्हायची ती हानी होऊन गेलेली असायची.

एक सावधगिरीची गोष्ट, कारण घरोघरी सीआरपी वाचणारे तयार झालेत. सीआरपी लिव्हर बनवते ती आयएल-सिक्सच्या सांगण्यावरून. टॉसिलिझुमॅब घेतलेल्या माणसाच्या लिव्हरला ते सांगणंच पोचत नाही, त्यामुळे अंगात खरंच इन्फेक्शन असलं तरी सीआरपी एकदम नॉर्मल येऊ शकतो. आकडा उतरला म्हणून पेढे वाटू नयेत.

मग मावशीची गोळी. तिचा जन्म एका चांगल्या कल्पनेतून झाला जी अर्धीच खरी ठरली. चार जॅकपैकी जॅक-थ्री हे मुख्यतः रक्ताच्या पेशींतच सापडतं. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत जॉन ओ'शी यांच्या गटाने १९९४ मध्ये त्याचा जीन मिळवला आणि वर्षभरातच कळलं की ज्या बाळांत जॅक-थ्री जन्मतः नसतं त्यांच्यात टी पेशीच नसतात, साधी सर्दी जीवावर उठते, पण बाकी मेंदू, हृदय, किडनी सगळं ठणठणीत. इतकी भयंकर गोष्ट बघून कोणाला सुचेल की याची गोळी करावी? पण सुचलं. जॅक-थ्री तेवढं दाबलं तर इम्युनिटी शांत होईल आणि बाकी शरीराला धक्का लागणार नाही, असा तर्क, आणि फायझरने त्यावर काम करून २००३ मध्ये रेणू जाहीर केला, २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मंजुरी. गोळी लागू पडली. पण ती जॅक-थ्रीइतकीच जॅक-वनलाही दाबते, थोडंफार जॅक-टूलाही, आणि आता तर बरेच लोक म्हणतात की आमवातात उपयोग होतो तो मुख्यतः जॅक-वन दाबल्यामुळे. चारही जॅकचा तो खिसा, जिथे गोळी जाऊन बसते, जवळपास सारखाच आहे. नंतर आलेल्या बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब यांचीही हीच कथा, थोडा इकडे कल थोडा तिकडे. टीवायके-टूची एक गोळी २०२२ मध्ये सोरायसिससाठी आली ती मात्र हुशार निघाली, ती त्या खिशात न जाता त्या दुसऱ्या, आवरून धरणाऱ्या तोंडालाच जाऊन बसते.

इंजेक्शन दारावर एका माणसाला अडवतं. गोळी आतमध्ये जाऊन वायरच पातळ करते, आणि त्या वायरवरून ज्यांचे ज्यांचे निरोप येतात त्या सगळ्यांचा आवाज बारीक होतो.

म्हणूनच मावशीच्या मागे टीबीच्या तपासण्या लागल्या. तिला याचा भयंकर राग आला होता, "मला खोकला नाही, घरात कोणाला कधी टीबी नाही, आणि छातीचा एक्स-रे आणि हातावर टोचणं कशाला?" तर याचं कारण असं की आपल्याकडे कितीतरी लोकांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू निपचित पडून असतात आणि त्यांना निपचित ठेवतं ते इंटरफेरॉन-गॅमा. टी पेशी ते सोडते, मॅक्रोफाज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी, ऐकतो, जॅक-वन आणि जॅक-टू जागे होतात, स्टॅट-वन आत जातं आणि मॅक्रोफाज पोटातल्या जंतूंवर तुटून पडतो. ही वायर पातळ झाली की झोपलेला टीबी उठू शकतो. आपल्या देशात तर बाळ जन्मलं की बीसीजी टोचतात, तो जिवंत पण दुबळा जंतू, आणि ज्या थोड्या बाळांत इंटरफेरॉन-गॅमाच्या रिसेप्टरमध्ये किंवा त्याच्या आधीच्या टप्प्यावरच्या आयएल-ट्वेल्व्हच्या रिसेप्टरमध्ये जन्मजात दोष असतो त्यांच्यात ही लसच अंगभर पसरते. काखेतली गाठ फुटते, बरी होत नाही, मग एखादा शहाणा बालरोगतज्ज्ञ पुढच्या तपासणीला पाठवतो. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे असल्या जन्मजात इम्युनिटीच्या दोषांचं निदान होतं. जो निरोप या बाळांना कधीच पोचत नाही तोच मावशीच्या अंगात आपण मुद्दाम हळू करतोय, म्हटल्यावर एक्स-रे काढायला नको? ती गप्प बसली. पटलं म्हणून की कंटाळून, माहीत नाही.

टीबी नव्हता. गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत सकाळची बोटं उघडायला लागली, हे मी डोळ्यांनी बघितलंय, बाटलीचं झाकण तिने स्वतः काढलं. पण धोक्याचीही बाजू आहे. पन्नाशीच्या पुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या ४,३६२ आमवाताच्या पेशंटांवर एक मोठी ट्रायल झाली, सरासरी चारेक वर्षं, त्यात हार्ट अटॅक-स्ट्रोकसारख्या घटना तोफासिटिनिबवाल्यांत ३.४ टक्के, टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनवाल्यांत २.५ टक्के, आणि कॅन्सर ४.२ विरुद्ध २.९. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या अख्ख्या वर्गाच्या औषधांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. मावशी सिगरेट ओढत नाही, बीपी ताब्यात आहे, डॉक्टरांनी तिच्याशी बोलून हिशोब मांडला आणि गोळी चालू ठेवली. मला तो हिशोब पटतो. तरी दर वेळी लिपिडचा रिपोर्ट आला की मी आधी तोच उघडते.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. निरोप पोचवण्याइतकीच यंत्रणा तो थांबवण्यासाठी आहे. स्टॅट आत जाऊन जे जीन चालू करतं त्यातले काही जीन असं प्रोटीन बनवतात जे उलट दारापाशी येऊन जॅकचंच तोंड बंद करतं. त्यांना सॉक्स म्हणतात, १९९७ मध्ये तीन गटांनी एकाच वेळी शोधलं, मेलबर्नचा एक आणि जपानमधले दोन, त्यातला एक पुन्हा किशिमोतोंचाच. म्हणजे प्रत्येक निरोपात तो संपवायची सोय आधीच लिहिलेली. त्यावर ते जॅकचं आवरून धरणारं दुसरं तोंड आहेच. त्या तोंडात, जॅक-टूमध्ये, ६१७ नंबरला एक अमिनो आम्ल बदललं की बाहेर कोणी नसताना निरोप वाजतच राहतो, बोनमॅरो तांबड्या पेशी काढतच राहतो, रक्त दाट होतं, आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते, हा पॉलिसायथीमिया वेरा. २००५ मध्ये चार गटांनी हे दाखवलं. पुढे २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस गार्सिया यांच्या गटाने अख्खं जॅक रिसेप्टरला धरून कसं बसतं त्याचं पहिलं चित्र काढलं तेव्हा त्यांनी ते जॅक स्थिर राहावं म्हणून याच म्युटेशनचा जुळा भाऊ वापरला होता.

म्हणून मला ते 'इम्युनिटी बूस्टर' प्रकरण सहन होत नाही. बूस्ट कशाला करायचं? मावशीची इम्युनिटी अजिबात कमी नव्हती, तीच तिची अडचण होती. कोविडच्या काळात काढे पिऊन पिऊन लोकांनी पोट जाळून घेतलं ते सोडा, गुळवेलीचं काय झालं ते बघा. मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटांची नोंद छापली, लिव्हरला इजा झालेली आणि ती ऑटोइम्यून, म्हणजे इम्युनिटीच स्वतःच्या लिव्हरवर उलटते त्या, हिपॅटायटिसच्या धर्तीची. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला, पुढे देशातल्या इतर शहरांतूनही तशा केसेस नोंदल्या गेल्या. सहा पेशंटांवरून सगळं ठरत नाही हे मलाही कळतं. पण ज्याला आधीच आमवात, सोरायसिस किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार आहे त्याने शेजारणीच्या सांगण्यावरून वाटीभर काढा रोज का घ्यावा याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. मावशीच्या शेजारणीने दिला होता. मावशीने तो तुळशीला घातला. तुळस ठीक आहे.

सध्या आमचा वाद वेगळ्याच गोष्टीवर चाललाय. या गोळ्यांवर नागीण उठायचं प्रमाण वाढतं, कारण कांजिण्यांचा विषाणू लहानपणापासून मज्जातंतूंच्या मुळाशी दबा धरून असतो आणि त्याला दाबून ठेवणारे निरोपही याच वायरवरून जातात. नागिणीची नवी लस, जिच्यात जिवंत विषाणू नाही, २०२३ पासून भारतात मिळते, दोन डोस, आणि ती गोळी सुरू करायच्या आधीच घेतली असती तर जास्त बरं, कारण लसीलाही टी पेशींनी नीट ऐकावं लागतं. तेव्हा ती इथे मिळत नव्हती. आता डॉक्टर म्हणतात घ्या, मी म्हणते घे, मावशी किंमत विचारते आणि म्हणते एवढ्यात तर काशीला जाऊन येते मी. एक डोस घेऊन बघू का, अर्धी नागीण तरी टळेल, असंही विचारून झालं. मी अर्ध्या नागिणीवर काही बोलले नाही, पण पहिल्या डोसचे पैसे मी भरतेय आणि दुसऱ्याचे माझा मावसभाऊ, असं परस्पर ठरलंय, तिला अजून सांगितलेलं नाही.